मुंडीछाप

सुकदेवने डब्याच्या झाकणाखाली स्क्रूड्रायव्हर सारला आणि मनगट फिरवले. झाकण उघडताच लालसर भुकटीचा उग्र वास पत्र्याच्या शेडभर पसरला, तशी ड्रम फिरवणारी दोन्ही माणसे मागे सरली. चंपालाल तर आधीपासून दारातच उभा होता. त्याने खिशातला रुमाल काढून तोंडाला बांधला. सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला, बसताना तो मुहपत्ती बांधत असे, ती आपल्या श्वासाने हवेतला एखादा जीव मरू नये म्हणून. आजचा रुमाल उलट्या कामाचा होता.

"लांब कशाला उभे, शेठ? माल तुमचा, टेंडर तुमचं," सुकदेव म्हणाला. तो धुळ्याच्या शेतीखात्यातला सहायक, याच कामावर देखरेख करायला साक्रीला आलेला. "यंदा साहेबांनी बजावलंय, औषध आपल्या माणसासमोरच लागलं पाहिजे. मागल्या साली तुमच्या ज्वारीवर काणीचा रोग फार पडला."

"हवामान तसं होतं, भाऊसाहेब."

"हवामान असेल. पण औषध लावलेल्या बियाण्याला काणी सहसा धरत नाही." सुकदेवने भुकटी मापाने ड्रममध्ये ओतली आणि हात झटकले. "पाऱ्याचं आहे हे. पोटात गेलं तर संपलं."

"लगेच मरतो माणूस?"

"लगेच मेला तर सुटला म्हणायचं. हे सावकाश घेतं. आधी बोटं बधिर होतात, मग चालताना तोल जातो, मग डोळे जातात. कित्येक आठवडे तर कळतसुद्धा नाही की काही झालंय."

ड्रम फिरू लागला. पांढरी ज्वारी आत जात होती आणि तांबडी होऊन बाहेर येत होती. ती लहान लहान पिशव्यांत भरली जात होती आणि प्रत्येक पिशवीवर एक चिठ्ठी शिवली जात होती. चिठ्ठीवर माणसाच्या कवटीचे चित्र, खाली दोन आडवी हाडे आणि 'विषारी, खाऊ नये' अशी अक्षरे. चिठ्ठी लावणे ही टेंडरची अटच होती. चंपालालने मागल्या वर्षीच भरपूर छापून घेतल्या होत्या, त्या यंदाही पुरल्या.

तांबडा रंग मात्र मागल्या वर्षी दुसरा होता.

चंपालालचे साक्रीच्या पेठेत छोटे दुकान होते. गूळ, तेल, मीठ विकायचे आणि डोंगरातली माणसे आणतील तो डिंक, चारोळी, मोहाच्या बिया विकत घ्यायच्या, असा त्याच्या बापापासूनचा धंदा. त्यात पोट भरत होते, पण नाव होत नव्हते. सरकारी टेंडरे धुळ्याचे बडे व्यापारी आपसात वाटून घ्यायचे आणि साक्रीच्या चंपालालला कचेरीतला शिपाईसुद्धा बसा म्हणत नसे. तरी तो दर वर्षी पाकीट टाकायचा आणि हात हलवत परत यायचा. मागल्या वर्षी डोंगरपट्टीच्या गावांना वाटायच्या ज्वारीच्या बियाण्याचे टेंडर निघाले आणि त्याचा दर सर्वांत खाली निघाला. तो इतका हरखला की त्याने घरी जायच्या आधी रंगाऱ्याला गाठून दुकानाच्या पाटीवर 'सरकारी पुरवठादार' अशी अक्षरे काढून घेतली. अटींचा कागद त्याने नंतर नीट वाचला. बियाण्याला विषारी औषध चोळून द्यावे, असे त्यात लिहिले होते.

मोहनबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोने, ते ऐकून कानावर हात ठेवले. चातुर्मासात साध्वीजी येऊन गेल्या होत्या आणि श्रावकाने कोणते पंधरा धंदे करू नयेत ते त्यांनी एकेक करून समजावले होते. त्यांत एक विषवाणिज्य. विष विकणे. एका दाण्याला लावलेल्या विषाने मातीतले किती जीव मरतील याचा हिशेब कोण ठेवणार, असे मोहनबाई विचारत होत्या. पाटी तर रंगवून झाली होती. चंपालाल त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून गेरू आणला.

धुळ्याहून आलेल्या साहेबांनी मूठभर बियाणे तळहातावर घासले, तळहात लाल झाला, साहेब ठीक आहे म्हणाले. विष विकण्याचे पाप टळले, औषधाच्या डब्यांचा खर्चही टळला. इतका सोयीचा धर्म फार थोड्यांच्या वाट्याला येतो. सोंग पुरते वठावे म्हणून चंपालाल स्वतः वाटपाच्या गाडीबरोबर पाड्यापाड्यावर गेला आणि हात जोडून लोकांना सांगत सुटला, बाबांनो, हे खाऊ नका, जहर आहे.

यंदा गेरू चालणार नव्हता. डबे खात्यानेच दिले होते आणि माणूसही खात्याचाच उभा होता. "आपण फक्त मधले. विष सरकारचं," असे त्याने घरी सांगून पाहिले होते. मोहनबाई "थे जाणो", तुमचं तुम्ही जाणा, एवढेच म्हणाल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी गोड खाणे सोडले. चंपालालला ते लागले होते. पण खरे सांगायचे तर शेवटची पिशवी शिवून झाली तेव्हा त्याला आत कुठेतरी हलकेही वाटले. यंदा कोणी तळहातावर बियाणे घासले तर त्याच्या छातीत धडधडणार नव्हते.

गाडी सुकदेवबरोबर डोंगराकडे गेली. चंपालाल दुकानात राहिला. यंदा सोंग वठवायचे नव्हते, म्हणून तो गेला नाही.

बाजाराच्या दिवशी भुरा आला. डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरचा म्हातारा, चंपालालच्या बापाच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक. त्याने पळसाच्या पानात बांधलेला डिंकाचा पुडा गादीवर ठेवला.

"हाई इकाले नही, शेठ. तुमनासाठे शे. लाडू करा म्हनावं घरमा."

"मनासाठे? काबरं, आबा?" डोंगरातल्या माणसांशी चंपालाल त्यांच्याच बोलीत बोलत असे.

"कालदिन बी भेटनं ना. घरेघर भेटनं. तुमनं नाव काढतस बठ्ठा."

"ते सरकारनं बी शे. पानी पडनं का पेरी ल्या."

भुरा हसला. त्याच्या गालांची हाडे वर आली. दोन वर्षे डोंगरपट्टीत पाऊस धड झाला नव्हता. पाड्यावरचे तरणे लोक सरकारी रस्त्याची खडी फोडत होते आणि तिथेही रोज काम मिळत नव्हते.

"पानी कोठे शे, शेठ? पेरसूत. जितलं उरी, तितलं पेरसूत."

"उरी म्हंजे?"

भुराने इकडे तिकडे पाहिले आणि पुढे वाकला. "तुमनापासून काय दपाडानं? मांगला साल पोऱ्यासोऱ्या उपाशी रडेत. सून चमेलीनी बी धोयं. लाल पानी निंघनं. वाळाडं, जातावर दयं, भाकर करी. मी म्हनं, पहिले मी खास. म्हतारा मानूस, मरनू तं मरनू. दोन दिन वाट दखी. काहीच व्हयनं नही. मंग बठ्ठा पाडानी खादं. बाजारनी ज्वारीथीन गोड लागनं, शेठ. आते दुसरा पाडाना लोकेबी इचारतस, मुंडीछाप कव्हय येवाव शे?"

"कसानी मुंडीछाप?"

"तुमना छाप. पिशवीवर मुंडी ऱ्हास ना. मुंडी नि दोन हाडके."

चंपालालच्या हातात तागडी होती. ती त्याने खाली ठेवली, पण नीट ठेवता आली नाही, पारडे गादीवरून खाली घरंगळले. भुरा पारडे उचलायला वाकला.

"औंदानं बी?" चंपालालने विचारले. "औंदानं बी खादं का?"

"मी तं कालदिन दुपारलेच निंघनू बाजारले. चमेलीनी धोयं व्हई. आज दयं व्हई."

चंपालाल उठला. चपला घालताना त्याने डावी उजवीत घातली आणि मग पुन्हा बदलली. शेजारच्या दुकानदाराला लक्ष ठेवायला सांगून तो भुराला घेऊन एसटी स्टँडकडे निघाला. वाटेत सरकारी विश्रामगृह होते आणि फाटकात धुळ्याच्या साहेबांची जीप उभी होती. ड्रायव्हर बॉनेटवर ओले फडके फिरवत होता. साहेब बाहेरच व्हरांड्यात चहा घेत बसले होते.

चंपालालची पावले थबकली. आत जाऊन सांगितले, तर जीप सुटेल, पोलीस येतील, तासाभरात पाड्यापाड्यावरून पिशव्या गोळा होतील. पण सांगायचे म्हणजे गेरूचे सांगायचे. मग टेंडर जाणार, पाटी उतरणार, कदाचित हातात बेड्या पडणार आणि भर पेठेतून त्याला नेणार. भुराच्या पाड्यावर आपण स्वतः जाऊन समजावले तर काय अशक्य आहे? बापाच्या वेळेपासूनची ओळख आहे. इतर पाड्यांना भुराच निरोप धाडील. असे सगळे त्याने स्वतःला तिथेच उभ्या उभ्या पटवले. भीती वाटत होती, दुसरे काही नव्हते.

"काय व्हयनं, शेठ?" भुराने विचारले.

"काही नही. चाल. गाडी चुकाई जाई."

एसटीने त्यांना फाट्यावर सोडले. तिथून पाड्यापर्यंत नुसता खडक आणि वाळलेले निवडुंग. चालताना चंपालालने भुराला सगळे सांगितले. गेरूचे, डब्यांचे, सुकदेव जे म्हणाला होता ते. भुरा ऐकत होता आणि मान हलवत होता. उन्हात शेठचे डोके फिरले असावे असे त्याला वाटले असेल, कारण मधेच त्याने खांद्यावरचे फडके काढून शेठच्या डोक्यावर घातले.

पाड्यात शिरताच जात्याची घरघर ऐकू आली. भुराच्या झोपडीपुढे गोधडीवर ज्वारी वाळत पडली होती. धुतल्यामुळे रंग फिका झाला होता, तरी दाण्यांच्या खाचांत तांबडे दिसत होते. सून चमेलीबाई आत दळत होती. चुलीवरचा तवा उतरवलेला होता. टोपलीत भाकरीचा तुकडा उरला होता, म्हणजे एक वेळचे जेवण झालेले होते.

"बंद कर, बेटी, बंद कर ते!" चंपालाल दारातून ओरडला.

जाते थांबले. शेठ आला म्हणून आजूबाजूची माणसे जमली. खडीवरून परतलेला भुराचा मुलगा फत्तेसिंग घाम पुसत पुढे आला. बायका पदर सावरून उभ्या राहिल्या. चंपालालने हात जोडले.

"हाई बी खावू नका. जहर शे. खरं जहर शे."

बायकांत खसखस पिकली. फत्तेसिंगही हसला.

"शेठ, मांगला साल तुम्ही हाईच बोलनात. आसाच हात जोडी जोडी."

"मांगला साल मी खोटं बोलनू. त्या बीले औषध नव्हतंच. नुसता गेरू व्हता. मी सरकारले फसाडं, तुम्हले फसाडं. औंदा खरं शे. हातपाय लुळा पडतीन, डोया जातीन."

जे साहेबांपुढे त्याच्या तोंडून निघाले नव्हते, ते इथे इतक्या सहज निघाले. साऱ्या पाड्यापुढे त्याने आपला गुन्हा कबूल केला आणि कबुलीचा परिणाम पाहत उभा राहिला. माणसे एकमेकांकडे पाहत होती.

"म्हंजे मांगला साल खोटं बोलनात," फत्तेसिंग सावकाश म्हणाला. "मंग औंदा खरं बोली ऱ्हायनात, हाई कसावरथीन समजानं?"

चंपालाल जन्मभर बोलण्यावर जगलेला माणूस, पण आता त्याच्या बोलण्याला कवडीची किंमत उरली नव्हती. त्याला एकच वाट सुचली, ती दुकानदाराची.

"बठ्ठं बी माले परत द्या. जितलं देशात, तितलीच खावानी ज्वारी मी देस. मोजीसन देस. उद्या गाडी धाडस."

हसू बंद झाले. हे वेगळे बोलणे होते. गेल्या दोन वर्षांत कोणी दुकानदार डोंगरात येऊन ज्वारी देतो म्हणाला नव्हता. चमेलीबाई चटकन बाहेर आली, गोधडीची चारी टोके गोळा करून तिने ज्वारीचे गाठोडे बांधले आणि आत नेले. दोघी-तिघी बायका घराकडे निघाल्या, आणि त्या कशाला निघाल्या ते सर्वांना कळले.

"आते समजनं," फत्तेसिंग म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुकानदाराचा डाव उमगल्याचे समाधान होते. "मुंडीछापना भाव वाढना व्हई बाजारमा. शेठ, एकदाव आम्हले दिधं ना, ते आमनं."

"भाव नही रे. माय शप्पथ, भाव नही."

कोणी ऐकत नव्हते. अंगणात गोधडीतून सांडलेले दाणे पडले होते आणि एक तांबडी कोंबडी ते हेरून झोपडीच्या कुडाकडून पुढे येत होती. चंपालालने तिच्याकडे पाहिले. त्याच्या घरात पावसाळ्यात दिवा उघडा ठेवत नसत, पाखरू होरपळेल म्हणून. तो खाली वाकला. झोपडीबाहेर उरलेली न धुतलेली एक पिशवी होती, तिच्यात त्याने हात घातला आणि मूठ भरून कोंबडीपुढे टाकली.

"दखा," तो म्हणाला. "दखा आते."

कोंबडीने एक दाणा टिपला, मान वाकडी करून पाहिले, आणि मग ती भराभर टिपू लागली. सगळा पाडा बघत होता. दारात उभी राहिलेली चमेलीबाई पहिल्यांदा बोलली.

"शेठ मुंगीले बी मारतस नही. जहर ऱ्हातं तं आपला हातखाल कोंबडीले टाकतात का?"

लोकांनी माना डोलावल्या. बरोबर होते. शेठला सारे ओळखत होते. दुकानात मुंग्या झाल्या तरी तो पिठाची चिमूट टाकून त्यांना बाहेर नेणारा माणूस. ज्याच्या मनात थोडी धाकधूक होती, तीही गेली. पोरांना गंमत संपलीसे वाटले आणि ती पांगली. फत्तेसिंग हातपाय धुवायला गेला. आत जाते पुन्हा घरघरू लागले.

चंपालाल कोंबडीपुढे उकिडवा बसला. दाणे संपले होते. तिने चोच जमिनीला पुसली, पंख फुगवले आणि ती ऊबदार धुळीत अंग घुसळू लागली. सुकदेव आठवडे म्हणाला होता. पण ते माणसाचे. एवढ्याशा जिवाला किती वेळ लागावा? चंपालालची नजर तिच्यावरून हलेना. ती लटपटते का, मान टाकते का, डोळा मिटते का, एवढेच तो बघत होता. डोळा मिटला की त्याचे काळीज उडे आणि तो उघडला की खाली बसे.

सावल्या लांबल्या. आतून भाकरी थापल्याचा आवाज आला, मग भाजल्याचा खमंग वास. भुरा बाहेर आला. शेठचे ओठ हलत होते, हात जोडलेले होते. शेठ आपल्या देवाचे काही म्हणत असेल म्हणून भुरा अदबीने थोडा वेळ मागे थांबला. मग जवळ गेला तेव्हा त्याला ऐकू आले.

"मर," चंपालाल कोंबडीला म्हणत होता. "मर ना, बाई. लवकर मर."

कोंबडी उठली, पंख झाडून तिने धूळ उडवली आणि ती दाराकडे ऐटीत चालू लागली.

भुराला शेठची दया आली. बाजारापासून माणूस उपाशी होता, पाणीसुद्धा प्यालेला नव्हता. त्याने शेठच्या काखेत हात घालून त्याला अलगद उठवले. शेठच्या लोकांची रीत त्याला चांगली ठाऊक होती, सूर्य मावळला की ते अन्नाला शिवत नाहीत. त्याने डोंगराकडे पाहिले. उन्हाची एक पट्टी अजून माथ्यावर होती.

"ऊठा, शेठ," तो म्हणाला. "दिन बुडाले टाईम शे आजून. गरम गरम भाकर शे, जेवी ल्या."